हातकामाचा ओटा

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एका मशीनवरून चांगलेच महाभारत झाले. माझ्या पुतण्याने बोनसच्या पैशातून वेल्डिंगचे मशीन आणले. आमच्या काळी वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर जागचा हलवायचा तर चार माणसे लागत. हे नवे इन्व्हर्टर मशीन खांद्याला अडकवून पठ्ठ्याने कसारा लोकलने आणले, आंबिवली स्टेशनपासून चालत घरी आला आणि देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिले. इथपर्यंत सारे कौतुकाचेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजलेले पाहून त्याने मागच्या अंगणात दोन अँगल जोडायला घेतले. कशावर? तर कपडे धुण्याच्या दगडाशेजारच्या सिमेंटच्या कोब्यावर. कोबा ओलसर होता. वर उष्णता लागली, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि सिमेंटचा एक तुकडा फटाक्यासारखा उडून त्याच्या हाताला लागला. तो दचकला, होल्डर बाजूला गेला आणि ठिणग्या दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीवर पडल्या. ती पेटली नाही, आतल्या आत धुमसत राहिली. शेजारणीला जळका वास आला म्हणून बरे, नाहीतर पुढचे लिहायला मी आज बसलो नसतो.

वहिनींनी निकाल दिला, "हे मशीन आजच्या आज परत कर." पुतण्या म्हणाला, "माझे पैसे, माझी हौस. मला शिकायचंय." आणि निवाड्यासाठी दोघेही माझ्याकडे आले. कारण मी आयुष्याची ३१ वर्षे कल्याणच्या पुढच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात काढली. हाताला तेल आणि लोखंडाचा वास असलेला घरातला मी एकटाच.

मी दोघांचेही ऐकून घेतले आणि म्हणालो, "वहिनी, मशीन राहू द्या. आणि तू रे, आजपासून मशीनला हात लावायचा नाही. आधी टेबल कर. मग शीक."

दोघांनाही हा निवाडा पटला नाही. वाचकांपैकीही अनेकांना वाटेल की लोखंड जोडायला टेबल कशाला? रस्त्याकडेचे कारागीर उकिडवे बसून केवढाली गेटे बनवतात! बनवतात खरीच. त्यांच्या हातातली कला मी जवळून पाहिली आहे आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण ते जमिनीवर बसतात ते जमीन चांगली म्हणून नव्हे. गाळ्यात जागा नसते म्हणून. त्याची किंमत ते गुडघ्यांनी आणि कमरेने मोजतात. मीही मोजली आहे.

पगारात भागत नव्हते त्या दिवसांत सुटीच्या दिवशी मी खिडक्यांच्या ग्रिल करून देत असे. चाळीसमोर गटाराच्या कडेला पोते अंथरायचे आणि बसायचे. १९९६ सालची गोष्ट. मुलगा तेव्हा सहावीत होता. एका रविवारी तो शाळेतल्या मित्राबरोबर येत होता. मी काच वर करून हाक मारली. त्याने ऐकले, पण वळून पाहिले नाही. रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, तुम्ही गटारावर बसून काम करता ना, तेव्हा मला हाक मारू नका."

मी त्याला रागावलो नाही. त्याने काही खोटे सांगितले नव्हते. तो 'काम करू नका' असे म्हणाला नव्हता, 'गटारावर बसून' असे म्हणाला होता. हा फरक माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली. त्याने हातोडीला कधी हात लावला नाही. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, पण घरातला नळ गळला तर माणूस बोलावतो. माझी विद्या माझ्याबरोबरच संपणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो. म्हणून पुतण्याने मशीन देवापुढे ठेवले तेव्हा वहिनी धसकल्या आणि माझे मात्र डोळे भरून आले.

आता थोडे स्वयंपाकघरात येऊ. आमच्या आईने सगळा जन्म जमिनीवरच्या चुलीपुढे काढला. फुंकणीने फुंकायचे, धूर डोळ्यांत घ्यायचा आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून 'आई गं' म्हणायचे. मग घराघरांत ओटा आला. बाई उभी राहिली. धूर तोंडापासून दूर गेला, रांगते मूल आगीपासून लांब राहिले. ओट्याने भाजीची चव बदलली नाही, पण रांधणारीची पाठ वाचवली. आज ओट्याशिवाय कोणी घर घेईल का? मग हातकामालाही ओटा हवा, एवढे साधे गणित आपल्याला का सुचू नये? लोहाराला ते केव्हाच सुचले होते. ऐरण तो लाकडाच्या जाड ठोकळ्यावर बसवतो, ती हातोड्याच्या उंचीला यावी म्हणूनच.

वेल्डिंग शिकणाऱ्याला तर या ओट्याची गरज कसबी माणसापेक्षा जास्त असते. कारण सांगतो. रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यातले अंतर साधारण रॉडच्या जाडीइतके, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर ठेवायचे असते. रॉड जळून आखूड होत असतो, तसतसा हात खाली न्यायचा आणि त्याच वेळी पुढेही सरकायचा. आता तुम्ही चवड्यांवर बसला आहात, तोल सांभाळता आहात, पायाला मुंग्या आल्या आहेत आणि धूर सरळ नाकात जातो आहे. अशा माणसाचा हात तीन मिलिमीटर सांभाळेल का? रॉड चिकटतो, नाहीतर कमान तुटते, आणि बिचारा समजतो की हे आपल्याला जमणारच नाही. तोच मुलगा टेबलापुढे उभा राहिला, कोपर टेकवला, दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला की अर्ध्या तासात सरळ रेघ ओढू लागतो. कितीतरी शिकाऊ मुले आमच्याकडे आली आणि बसण्याच्या त्रासानेच पळाली. आम्ही म्हणायचो, आजकालच्या पोरांत दम नाही. चूक आमची होती.

मग हे टेबल असावे कसे? लाकडाचे नकोच. पाटावर किंवा जुन्या डायनिंग टेबलावर पत्रा टाकून काम करणारे हौशी असतात. पत्रा तापतो आणि खालचे लाकूड कोळसा होत राहते, ते रात्री समजते. सिमेंटचे काय होते ते पुतण्याच्या हातावर लिहिलेले आहेच. वर लोखंडच हवे. नवशिक्याला दोन फूट बाय तीन फूट एवढी जागा पुष्कळ. त्यासाठी निदान ६ मिलिमीटर जाडीची प्लेट घ्यावी. तिचे वजन साधारण २६ किलो भरते. ऐपत आणि उचलायला माणसे असतील तर १० मिलिमीटरची घ्यावी, ती ४४ किलोच्या आसपास जाते. जाड प्लेट तापून लवकर वाकत नाही आणि जड टेबल ठोकताना हलत नाही. भंगारवाल्याकडे असा तुकडा वजनावर मिळतो. घेताना त्यावर सरळ पट्टी उभी धरून पलीकडून उजेड दिसतो का ते पाहावे. फट दिसली की प्लेट वाकडी. आणि वाकड्या टेबलावर सरळ चौकट होत नाही.

पाय ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या अँगलचे पुरतात. खालून सहा-आठ इंचांवर चारही बाजूंनी आडवा पट्टा द्यावा. जस्ताचा मुलामा दिलेले पाण्याचे जुने नळ पायांना वापरण्याचा मोह टाळावा. ते जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि डॉक्टरांना हिवताप वाटतो. दोन पायांच्या तळाशी नट जोडून त्यात बोल्ट उलटे फिरवले की कमी-जास्त करता येणारे पाय मिळतात. आमच्याकडच्या उंचसखल अंगणात ते फार उपयोगी.

उंची मात्र ज्याची त्याने मोजावी. उभे राहून हात कोपरात दुमडा. कोपराच्या चार बोटे खाली टेबलाचा माथा यावा. साडेपाच फुटी माणसाला ही उंची ३७ ते ३९ इंच येते. वहिनींच्या ओट्याहून थोडी जास्त. प्लेट चौकटीच्या कडेपेक्षा दीड-दोन इंच बाहेर काढावी, म्हणजे सी-क्लॅम्प अडकवायला कड मिळते. पकडलेले काम हलत नाही, आणि धरायला तिसऱ्या हाताची, म्हणजे बहुधा बायकोच्या किंवा लहान मुलाच्या हाताची, गरज राहत नाही. घरगुती वेल्डिंगमध्ये भाजतो आणि डोळे सुजवून घेतो तो बहुतेक वेळा धरणारा.

इथे पुतण्याने मला बरोबर पकडले. म्हणाला, "काका, टेबल करायला वेल्डिंग यायला हवं, आणि वेल्डिंग शिकायला टेबल हवं. मग पहिलं टेबल करायचं कशावर?" प्रश्न वकिली होता, पण उत्तर आहे. पहिले टेबल दोन लोखंडी घोड्यांवर होते. गवंड्याकडून ते दोन दिवसांसाठी मागून आणले. त्यांवर प्लेट पालथी टाकली, म्हणजे तीच तात्पुरते टेबल झाली. तिच्यावर चौकट मांडली, गुण्या लावला आणि चार कोपऱ्यांना फक्त टाके घातले. मग दोन्ही कर्ण मोजले. दोन फूट बाय तीन फूट चौकटीचा कर्ण सव्वा त्रेचाळीस इंच येतो. आमचा एक कर्ण अर्धा इंच जास्त भरला. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीचे दोन ठोके दिले, जुळले, मग पक्के केले. टाक्यावर असताना चूक दोन ठोक्यांत सुधारते. पक्क्या जोडाला ग्राइंडर लागतो. हा धडा त्याने पहिल्याच दिवशी घेतला.

चौकट प्लेटला जोडतानाही सलग रेघ ओढायची नाही. लोखंड तापले की पसरते आणि निवताना आखडते. एका बाजूने सलग जोडले तर प्लेट पापडासारखी वळते. एक इंच इकडे, एक इंच समोरच्या बाजूला, मध्ये निवू द्यायचे. हे सारे जोड टेबलाच्या पोटाशी राहतात. नवशिक्याचे ओबडधोबड जोड जगाला दिसत नाहीत आणि वजन पेलायला पुरतात. पहिले काम म्हणून टेबलासारखे दयाळू काम नाही. पहिलेच काम म्हणून झोपाळ्याच्या कड्या किंवा बाल्कनीचे कठडे जोडणाऱ्याला मात्र मी हात जोडतो. ज्या जोडावर माणसाचा जीव टांगायचा, तो शिकाऊ हाताने करू नये.

टेबल झाले तरी भोवतालची जागा राहतेच. वेल्डिंगच्या ठिणग्या पस्तीस फुटांपर्यंत जाऊ शकतात. गोधडी तर दहा फुटांवर होती. कपडे, गादी, पुठ्ठे, रंगाचे आणि रॉकेलचे डबे, गॅसचा सिलिंडर यांतले काही जवळपास नको. वाळूची बादली आणि पाण्याची बादली टेबलाखाली. पाणी आगीसाठी, विजेच्या मशीनवर ओतायला नव्हे. काम संपल्यावर निदान तासभर तिथून हलायचे नाही. चहा तिथेच मागवावा. डोळ्यांसाठी १० नंबरची काच, आणि शेजारच्या मुलांसाठी टेबलाच्या तीन बाजूंना पत्र्याचा आडोसा. तो प्रकाश दूरून पाहणाऱ्याच्याही डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखी खुपते. आडोसा केला तरी वरची बाजू मोकळी हवी. बंद खोलीत धूर कोंडतो.

वीज सर्वांत शेवटी सांगतो, म्हणजे लक्षात राहील. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ७० ते ९० अँपिअर लागतात. तेवढ्यासाठी घरचा सिंगल फेज पुरतो, पण १६ अँपिअरचा प्लग आणि त्याला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर हवी. टीव्हीच्या मागचा एक्स्टेंशन बोर्ड नव्हे. मशीनची दुसरी केबल, जिला आपण 'अर्थिंग' म्हणतो, ती टेबलाच्या घासून चकचकीत केलेल्या जागी किंवा थेट कामालाच घट्ट लावावी. ती नळाला, गेटला किंवा इमारतीच्या सळईला लावणे म्हणजे करंटला गावभर फिरायला सोडणे. पायाखाली कोरडा पाट किंवा रबराची चटई. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, जमीन ओली असेल त्या दिवशी, सुटी. २६ जुलै २००५चे पाणी ज्यांनी पाहिले त्यांना ओल म्हणजे काय हे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, अहो, तुमचे बैठे घर, तुम्हाला अंगण. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, आम्ही काय करावे? मी स्पष्टच सांगतो, चौथ्या मजल्यावर वेल्डिंग करू नये. गॅलरीत तर मुळीच नाही. खालच्या गॅलरीत कोणाची तरी गोधडी असते. पण मग माझे खरे म्हणणे इथूनच सुरू होते.

मोहन्याचा एनआरसीचा रेयॉनचा कारखाना २००९मध्ये बंद पडला. हजारो कसबी हात घरी बसले. आज कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत टोलेजंग इमारती उठताहेत. जाहिराती पाहा. व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे, देऊळ आहे. माणसाने हाताने काही करावे अशी एकही खोली नाही. तळमजल्यावर एक मोकळी हवेशीर खोली, एक १६ अँपिअरचा प्लग, वाळूची बादली, एक लोखंडी टेबल आणि किल्ली एखाद्या निवृत्त फिटरच्या हाती; याला खर्च किती येईल? सोसायटीच्या एका पूजेच्या मांडवाएवढा. सत्तरीतल्या माणसाला काम मिळेल आणि सतराव्या वर्षातल्या मुलाला गुरू.

हे स्वप्नरंजन नव्हे. हिंदुस्तान लीव्हरमधले वैज्ञानिक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना तिथे हाताने काम करता करता शिकवले जाते, आणि त्यात लोखंड जोडणेही आहे. पुढे त्यातूनच खेड्यांतल्या शाळांसाठी अभ्यासक्रम झाला. आयटीआयची योजना तर १९५०पासून चालू आहे. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आणि तिथे मुलगा लोखंडी टेबलापुढे उभा राहून शिकतो. म्हणजे सरकारलाही जे कळले, ते आपल्या सोसायट्यांना का कळू नये?

आमचे टेबल अंगणात उभे आहे. एका कोपऱ्याला दोन मिलिमीटर वाकडे आहे. ते मला आणि पुतण्याला माहीत आहे. त्यावर त्याने पहिली वस्तू केली ती वहिनींच्या तुळशीसाठी तिवई. वहिनी आता मशीनचे नाव काढत नाहीत. फक्त उन्हाळ्यात टेबलावर कुरडया वाळत घालाव्यात का, एवढे विचारून झाले आहे. मी ठाम नकार दिला आहे.

गुढीपाडव्याला मुलगा पुण्याहून आला होता. जेवण झाल्यावर अंगणात गेला. टेबलावर हात टेकून बराच वेळ उभा होता. मी मागून गेलो तेव्हा म्हणाला, "बाबा, काच आहे का अजून एक? जरा बघतो."

मी आतून माझी जुनी काच आणून त्याच्या हातात दिली. पुतण्याने पायाखालचा पाट त्याच्याकडे सरकवला.